डब्लिनच्या सीटॅक कॉन्फरन्सला जाऊन आले, पैसे वसूल झाले का त्याबद्दल

बरेच जण विचारतात की परदेशातल्या कॉन्फरन्सला स्वतःच्या खिशातले पैसे घालून जावं का, विशेषतः आपल्याकडे छोट्या कॉलेजात शिकवणारे किंवा पीएचडी करणारे, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी गेले होते सीटॅक युरोपच्या ३३व्या वार्षिक कॉन्फरन्सला, डब्लिनला, ३० एप्रिल ते ४ मे २०२३. पूर्ण नाव सोसायटी ऑफ एन्व्हायर्न्मेंटल टॉक्सिकॉलॉजी अँड केमिस्ट्री, पण सगळे सीटॅकच म्हणतात. आपण बनवलेली रसायनं पाण्यात, मातीत, हवेत गेली की पुढे कुठे जातात, त्यांचं रूपांतर कशात होतं आणि तिथल्या जिवांना त्याचा काय त्रास होतो, हे शोधणारी माणसं इथे वर्षातून एकदा जमतात.

उत्तर आधीच सांगते. हो, वसूल झाले. आणि ते भाषणांपेक्षा पोस्टर हॉलमुळे जास्त, म्हणजे आपलं काम एका मोठ्या कागदावर मांडून शेजारी उभं राहायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलायचं ती जागा.

आधी खर्चाचं आणि त्रासाचं बोलून घेऊ. अर्धे पैसे कॉलेजने दिले, अर्धे मी घातले. डब्लिन महाग आहे, राहायला तर फारच, त्यामुळे कॉन्फरन्सची तारीख कळली की त्याच दिवशी खोली बघा. विद्यार्थ्यांना रजिस्ट्रेशन कमी दरात पडतं आणि लवकर भरलं तर अजून थोडं कमी, ते चुकवू नका. व्हिसाचं मात्र नीट लक्षात ठेवा, आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांमध्ये, नाही, त्याचा व्हिसा वेगळा काढावा लागतो. मला ज्या एजंटने सांगितलं की शेंगेन काढलात की झालं, त्याच्यावर विश्वास ठेवून माझे तीन आठवडे गेले आणि शेवटी पासपोर्ट हातात आला तेव्हा निघायला चार दिवस राहिले होते, त्या दिवसांत मला धड झोप नव्हती. दुसरं म्हणजे पोस्टर. मी चांगल्या जाड कागदावर छापून ट्यूबमध्ये घातलं होतं, विमानात आत घेऊ दिलं नाही, सामानात टाकावं लागलं आणि डब्लिनला ट्यूब बाहेर आली ती मधोमध चेपलेली. पोस्टरवर आडवी घडी पडली ती शेवटपर्यंत गेली नाही. कापडावर छापून घ्या, घडी घालून बॅगेत टाकता येतं, तिथे निम्म्या लोकांनी तेच केलेलं होतं.

जागा अतिशय सुंदर. कन्व्हेन्शन सेंटर लिफी नदीच्या काठावरच आहे, काचेचं एक मोठं पिंप तिरकं करून ठेवल्यासारखं पुढून दिसतं, आणि शेजारी तो वीणेसारखा दिसणारा सॅम्युअल बेकेट पूल. मी कोकणातली, खाडीकाठी वाढलेली, त्यामुळे पहिल्या दिवशी माझी नजर इमारतीवर नाही तर पाण्यावर गेली. लिफीला तिथे भरती-ओहोटी असते. सकाळी गेले तेव्हा पाणी वर होतं, संध्याकाळी बाहेर आले तर खाली उतरलेलं, भिंतीला ओला हिरवा पट्टा आणि तळाला चिखल, आणि तोच वास, आमच्या खाडीला ओहोटीला येतो तो. इतक्या लांब येऊन तो वास आल्यावर मला खरंच बरं वाटलं.

रविवारी मुख्य कार्यक्रमाआधी ट्रेनिंग कोर्स असतात, त्याचे पैसे वेगळे. मी पैसे वाचवायला घेतला नाही. तुम्ही जमलं तर घ्या, कारण पुढच्या दिवसांत भेटणारी निम्मी माणसं तिथेच ओळखीची होतात आणि माझा सोमवारचा अर्धा दिवस कुणाशी बोलावं ह्या विचारात गेला. सोमवार म्हणजे १ मे. आपल्याकडे महाराष्ट्र दिन, आणि त्यांच्याकडे मे महिन्याचा पहिला सोमवार सुट्टीचा असतो, तोही नेमका त्याच दिवशी आला होता, त्यामुळे बाहेर शहर निवांत आणि आत ही तोबा गर्दी.

आता सीटॅकचं वेगळेपण. १९७९ मध्ये अमेरिकेत ही संस्था सुरू झाली तेव्हापासून त्यांचा एक नियम आहे, विद्यापीठं, उद्योग आणि सरकार, तिघांना सारखं स्थान. कारभार बघणाऱ्या बोर्डावरही तिन्हीकडची माणसं समसमान. ऐकायला हे कागदी वाटतं पण प्रत्यक्षात काय होतं ते बघा, एखादी मुलगी सांगते की अमुक कीटकनाशकाने ओढ्यातले किडे कमी झाले, तर समोर तिसऱ्या रांगेत तेच कीटकनाशक बनवणाऱ्या कंपनीचा शास्त्रज्ञ बसलेला असतो, आणि त्याच्या दोन खुर्च्या सोडून ते विकायला परवानगी द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या खात्याची बाई. प्रश्न तिघांच्यात होतात. आवाज न चढवता. आपल्याकडे एमआयडीसीचा अधिकारी, कारखान्याचा माणूस आणि कॉलेजची प्राध्यापिका एका खोलीत बसले तर ते बहुतेक वेळा कोर्टाच्या आवारात नाहीतर मासे मेल्यावर कलेक्टर ऑफिसात. मला हे इतकं मनाला लागलं की पहिले दोन दिवस मी भाषणांपेक्षा ती प्रश्नोत्तरंच लिहून घेत होते.

माझं पोस्टर आमच्या खाडीतल्या तिसऱ्यांमधल्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांमधल्या, कॅडमियम ह्या विषारी धातूवर होतं. तिसऱ्या पाणी गाळून खातात, त्यामुळे पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठत जातं, आणि आमच्याकडे बायका ओहोटीला चिखलात तासन्‌तास वाकून त्या गोळा करतात, विकतात, घरी सुकं करतात. म्हणजे विषय माझ्या घरातलाच. घडी पडलेलं पोस्टर लावून उभी राहिले, पहिला अर्धा तास कुणी आलं नाही. मग एक वयस्कर गृहस्थ आले, कुठल्यातरी सरकारी प्रयोगशाळेतले, त्यांनी सगळं सावकाश वाचलं, मान खाली घालून, चष्मा वर करून, आणि एकच विचारलं. हे वजन ओलं की सुकं?

मी सुकं धरलं होतं. मांस वाळवून, पूड करून, त्या पुडीच्या किलोमागे किती. पद्धत चुकीची नाही, शोधनिबंधात तसंच देतात. पण त्यांनी शांतपणे समजावलं की खाण्याच्या मर्यादा ओल्या वजनावर असतात, युरोपात शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा ओल्या वजनाच्या किलोमागे १ मिलिग्रॅम आहे, आणि शिंपल्याच्या मांसात ढोबळमानाने पाचातले चार भाग पाणीच असतं, म्हणजे तुझा आकडा कुणी तसाच उचलून मर्यादेशेजारी ठेवला तर तो पाचपट फुगलेला दिसेल. उद्या एखाद्या पेपरात बातमी आली तर त्या तिसऱ्या विकणाऱ्या बायकांकडून कोण घेणार? मला घाम फुटला. दोन वर्षं मी ह्या आकड्यांसोबत जगत होते आणि पोस्टरवर कुठेही ओल्या वजनाचा रकाना नव्हता. त्याच रात्री खोलीवर बसून सगळे आकडे बदलून काढले, माझ्याकडे प्रत्येक नमुन्यातल्या पाण्याचं प्रमाण वहीत होतं म्हणून बरं, आणि सकाळी ए-फोर कागदावर दुसरा तक्ता छापून पोस्टरखाली चिकटवला.

दुसऱ्या दिवशी एका कंपनीतल्या बाई आल्या, त्यांनी विचारलं की तुझं यंत्र खरं बोलतंय हे तुला कसं कळतं. म्हणजे असं, बाजारात शिंपल्याच्या मांसाची तयार पूड मिळते, तिच्यात कॅडमियम, शिसं, पारा नेमकं किती हे आधीच ठरवून प्रमाणित केलेलं असतं, ती आपल्या नमुन्यांबरोबर चालवायची आणि आकडा जुळतो का बघायचं. ती पूड महाग म्हणून मी सुरुवातीला एकदाच चालवली होती. त्या म्हणाल्या प्रत्येक खेपेला हवी, थोडी थोडी वापर पण प्रत्येक खेपेला. रागावून नाही, अगदी घरच्या मोठ्या बाईने पोळी लाटताना हात धरून दाखवावं तसं. मग त्यांनीच विचारलं की नमुने आणल्यावर स्वच्छ पाण्यात ठेवतेस का, पोटातला गाळ निघून जायला. हे मात्र मी करत होते. आई तिसऱ्या आणल्या की पाण्यात घालून ठेवते, रेती टाकायला, नाहीतर सुकं कचकचतं. प्रयोगशाळेत त्याला मोठं नाव आहे पण काम तेच. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि आईकडे त्या किती वेळ ठेवतात, पाणी खारं घेतात की गोडं, सगळं विचारलं.

ह्या दोन माणसांनी मला जे दिलं ते शोधनिबंध तपासणाऱ्या कुठल्याही रिव्ह्यूअरने ईमेलवर दिलेलं नाही. नुसत्या ह्यासाठी सुद्धा मी परत जाईन.

भाषणांबद्दल. एकाच वेळी बऱ्याच हॉलमध्ये चालू असतात त्यामुळे आदल्या रात्री ठरवून ठेवा, नाहीतर जिन्यांवरच दिवस जातो. सगळ्यात जास्त गर्दी पीफासच्या विषयाला. पीफास म्हणजे ती न मोडणारी रसायनं, न चिकटणारे तवे, पाणी न धरणारे रेनकोट, आग विझवायचा फेस, सगळ्यात असतात, कार्बन आणि फ्लोरिनची जोडी इतकी घट्ट की निसर्गात ती तुटता तुटत नाही. त्याच वर्षी जानेवारीत डेन्मार्क, जर्मनी, नेदरलँड्स, नॉर्वे आणि स्वीडन ह्या पाच देशांनी मिळून अशा साधारण १०,००० रसायनांवर एकगठ्ठा बंदीचा प्रस्ताव दिला होता आणि मार्चपासून लोकांची मतं मागवणं चालू झालं होतं, त्यामुळे वातावरण तापलेलं. एक बाजू म्हणते एकेक तपासत बसलो तर शंभर वर्षं जातील, दुसरी म्हणते सगळ्यांना एकाच पट्टीने कसं मोजता, काही औषधांत आणि यंत्रांत लागतात. मला पहिली बाजू पटते. जे एकदा पाण्यात गेलं की परत काढता येत नाही त्याच्याबाबतीत आधी थांबायला हवं. पण दुसऱ्या बाजूचं मी पहिल्यांदाच इतकं नीट ऐकलं हेही खरं.

टायरच्या गोष्टीने मात्र मला झोपू दिलं नाही. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला कोहो सामन नावाचे मासे पावसाळ्यात समुद्रातून ओढ्यांमध्ये अंडी घालायला चढतात, आणि शहराजवळच्या ओढ्यांत पाऊस पडला की ते अंडी घालण्याआधीच तडफडून मरायचे, वर्षानुवर्षं, कारण कळेना. २०२० च्या शेवटी उलगडलं. टायरचं रबर तडकू नये म्हणून त्यात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, ते हवेतल्या ओझोनशी मिळून त्याचं क्विनोन नावाचं विषारी रसायन बनतं, आणि रस्त्यावर घासून पडलेली टायरची बारीक भुकटी पहिल्या पावसाने वाहून ओढ्यात जाते. कोहोला त्याचा लिटरमागे एक मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी अंश पुरतो. आणि त्याच घरातला चम सामन, त्याच पाण्यात, त्याला काही होत नाही! हे ऐकताना माझ्या डोळ्यासमोर आमचे चढणीचे मासे आले. जूनचा पहिला दणका पाऊस, वहाळ भरून आलेले, मासे उलटे वर चढतायत, पोरं टोपल्या घेऊन धावतायत, आणि वर हायवेवरून वर्षभर घासलेल्या टायरचं काळं पाणी त्याच वहाळात उतरतंय. हे तपासायला हवं, आपल्या माशांवर, आपल्या पाण्यात. सामनवरून अंदाज बांधून चालणार नाही, कारण चमवरून कोहोचा सुद्धा बांधता आला नसता.

गिधाडांचं असंच झालं होतं ना. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं खायची आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरायची. कारण सापडलं २००४ मध्ये, आपल्याकडे जनावरांसाठी त्यावर बंदी आली २००६ मध्ये, तोवर १९९२ च्या तुलनेत पांढऱ्या पाठीची गिधाडं शेकड्याला एकसुद्धा उरली नव्हती. पुढे अमेरिकेतल्या टर्की व्हल्चर नावाच्या गिधाडांना तेच औषध देऊन बघितलं तर त्यांना काही झालं नाही. म्हणजे तिकडच्या पक्ष्यावर तपासून औषध सुरक्षित ठरवलं असतं तरी आपली मेलीच असती. माझ्या लहानपणी ढोर मेलं की सड्यावर गिधाडं उतरायची, आज माझ्या मुलीला ती चित्रात दाखवावी लागतात.

चहाच्या रांगेत मागून आवाज आला, "ताई, तुम्ही मराठी का?" सांगलीची मुलगी, डेन्मार्कमध्ये पीएचडी करतेय, माझ्या फोनवरचं बोलणं ऐकून ओळखलं तिने. माझ्याकडे फणसपोळी होती, तिच्याकडे भडंग, नदीकाठी कठड्यावर बसून दोन्ही संपवलं. ती डॅफ्नियावर काम करते. डॅफ्निया म्हणजे गोड्या पाण्यातला जेमतेम डोळ्याला दिसणारा जीव, उड्या मारत पोहतो म्हणून पाण्यातली पिसू म्हणतात. जगभर नवीन रसायन आलं की पहिली परीक्षा बहुतेक ह्याच्यावर. २४ तासांच्या आतली पिल्लं घ्यायची, प्रत्येक तीव्रतेला २०, पाच-पाचच्या चार भांड्यांत, आणि ४८ तासांनी भांडं हलकेच हलवून बघायचं, १५ सेकंदांत जे पोहलं नाही ते निश्चल म्हणून मोजायचं. तिने सांगितलं की रात्री दोन वाजता उठून मोजताना तिला त्यांची दया येते. आणि पाणी किती तापमानाचं ठेवायचं? १८ ते २२ अंश. मी म्हटलं अगं मे महिन्यात आमच्या खाडीचं पाणी हाताला कोमट लागतं! ती म्हणाली, "तेच तर ना ताई, आपल्याकडच्या जिवांवर आपल्याकडच्या तापमानात केलेलं काम इथे आणलंच पाहिजे कुणीतरी." पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी राहतो, जिवाचा श्वास वाढतो, विष आत जायचा वेगही बदलतो, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, पण त्या कठड्यावर बसून ते पहिल्यांदा कामासारखं वाटलं.

ह्या विषयाला भारतातून येणारे मला कमीच भेटले. ह्यात कॉन्फरन्सवाल्यांचं काही चुकत नाही, आपल्याला जायला पैसे नाहीत, रजा नाही, आणि बऱ्याच जणांना ही संस्था आहे हेच माहीत नाही. पण जिथे मर्यादा ठरवणारी माणसं बसतात तिथे आपल्या खाडीचा आकडा नसेल तर ते दुसऱ्याच्या नदीचा धरतील, दुसरं काय करणार. यवतमाळला २०१७ मध्ये कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त माणसं गेली, तिथे एकापेक्षा जास्त औषधं मिसळून मारत होते. आणि मिश्रणांची विषारी ताकद कशी मोजायची ह्याच्यावर डब्लिनमध्ये मी जे ऐकलं ते सगळं तिकडच्या शेतांबद्दलचं होतं. आपल्या शेतांबद्दल आपणच जाऊन बोलायला हवं.

शहर बघायला मला एकच दुपार मिळाली. सेंटरपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर दुष्काळाचं स्मारक आहे, नदीकाठी, हाडांचे सापळे झालेली ब्राँझची माणसं बोचकी घेऊन बंदराकडे चाललेली. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं मेली. ह्याच रोगावर पुढे मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण मारायला लागले, जे आम्ही आजही कोळेरोगावर सुपारीला मारतो, आणि त्यातलं तांबं मातीत साठत जातं, पाण्यात गेलं तर माशांना घातक. त्या पुतळ्यांसमोर उभी राहून मला पहिल्यांदा नीट जाणवलं की ज्याला आपण विष म्हणून मोजतो ते कुणीतरी उपाशी मरू नये म्हणून वापरायला घेतलेलं असतं. मी तिथे बराच वेळ थांबले.

तर कुणी जावं? ज्यांच्याकडे स्वतः गोळा केलेला डेटा आहे, थोडा असला तरी चालेल, त्यांनी नक्की जावं आणि भाषणापेक्षा पोस्टरच मागावं. नुसतं ऐकायला जाणार असाल तर एवढा खर्च करू नका, त्या पैशात यंत्र तपासायची ती प्रमाणित पूड येईल. इंग्रजी अडखळतं म्हणून घाबरू नका, तिथे निम्म्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, सगळे सावकाश बोलतात, समजलं नाही तर परत विचारतात. कार्ड छापून न्या. पोस्टरवर ईमेल मोठ्या अक्षरात टाका. पाण्याची बाटली आणि रेनकोट जवळ ठेवा, तिथला पाऊस सांगून येत नाही. आणि कच्च्या आकड्यांची वही बरोबर न्याच, माझी नेली होती म्हणून निभावलं.

माझ्याकडून पाचपैकी पाच.

परत आल्यावर पहिलं काम केलं ते तक्त्यात ओल्या वजनाचा रकाना घातला आणि तो घेऊन खाडीवर गेले. ज्या मावशींकडून नमुने घेते त्यांनी विचारलं, काय म्हणाले गं तिकडचे, आमच्या तिसऱ्या खायच्या का नाही? मी त्यांना वही उघडून दाखवली, एकेक ओळ, कुठल्या महिन्याचा नमुना, कुठल्या खाजणाजवळचा. त्यांनी बोट ठेवून एक जागा दाखवली आणि म्हणाल्या, इथे तर आम्ही आता जातच नाही, पाण्याला वास मारतो, तू वरच्या बाजूच्या घे. पुढच्या अमावास्येच्या ओहोटीला त्यांच्याबरोबर वरच्या बाजूला जातेय.